खो-खो खेळून पुढे काय?

जुन्नर तालुक्यातलं पिंपरी पेंढार असो, शेजारचं ओतूर असो की आंबेगावातलं घोडेगाव. शाळेला मोकळं मैदान असेल तर तिथे खो-खो रुजायला वेळ लागत नाही. दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि धावायला तयार असलेली पोरं एवढ्यावर खेळ उभा राहतो. पोरगी चपळ निघाली, तालुक्याला जिंकून आली, की घरात कौतुक होतं, शाळेच्या फळ्यावर नाव लागतं. ती नववी-दहावीत गेली की मात्र तेच घर काळजीने विचारतं, "खेळून पुढे काय? पोट भरणार आहे का त्याने?"

प्रश्न रास्त आहे. क्रिकेटपटू काय कमावतो हे टीव्हीवर दिसतं. खो-खोपटूची कारकीर्द कशी सुरू होते, किती वर्षं चालते, तिचं मोल कसं ठरतं आणि मैदान सुटल्यावर हाती काय उरतं, हे कोणी सांगत नाही. या प्रकरणात आपण ते एकेक करून समजून घेऊ.

१. आधी खेळ समजून घेऊ

खो-खोत एका वेळी एक संघ पाठलाग करतो आणि दुसरा पळती करतो. पाठलागाला आक्रमण म्हणतात, पळतीला संरक्षण. आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. त्यांपैकी आठ जण मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसतात आणि एक जण पाठलाग करतो. बसलेल्यांची तोंडं एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. पळती करणारे मात्र एका वेळी तिघेच आत येतात. ते तिघे बाद झाले की पुढचे तिघे उतरतात.

या खेळाचा सगळा जीव एका नियमात आहे. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत उलट फिरता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला यातलं कुठलंच बंधन नाही. तो बसलेल्यांच्या मधून हवा तसा आरपार जाऊ शकतो. मग त्याला पकडायचं कसं? उसाने भरलेली ट्रॉली अरुंद बांधावर वळत नाही. पलीकडच्या शेतातलं काम पलीकडे तोंड करून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरलाच करावं लागतं. खो-खोत हेच घडतं. पाठलाग करणारा पलीकडे तोंड करून बसलेल्या साथीदाराच्या पाठीला हात लावून "खो" म्हणतो, त्याच्या जागी स्वतः बसतो आणि साथीदार उठून पलीकडच्या अर्ध्या मैदानात धावतो. त्यामुळे एकट्याने कितीही वेगाने धावलं तरी भागत नाही. खो कधी द्यायचा आणि कोणाला द्यायचा, हे कळणारा खेळाडू नुसत्या वेगवान खेळाडूपेक्षा जास्त गडी मिळवतो.

बसलेला खेळाडू विश्रांती घेत असतो, असं पाहणाऱ्याला वाटतं. त्याच्याकडे नीट बघा. त्याचा भार चवड्यांवर असतो, टाचा उचललेल्या असतात, हात जमिनीला टेकलेले असतात. कान मागे असतात आणि डोळे पळणाऱ्याच्या पायांवर. खो मिळण्याआधी उठला तर चूक धरली जाते आणि मिळाल्यावर क्षणभर रेंगाळला तर पळणारा दोन चौकोन पुढे गेलेला असतो. ही उठण्याची सवय लागायला वर्षं जातात. म्हणूनच चांगले खो-खोपटू बहुतेक करून लहानपणी मैदानावर आलेले असतात.

पळणाऱ्याचीही आपली विद्या असते. तो एकेरी साखळी खेळतो, म्हणजे बसलेल्या प्रत्येक खेळाडूमागून नागमोडी वाट काढत जातो. कधी काही खेळाडूंभोवती गोल खेळून पाठलाग करणाऱ्याला गुंतवतो. खांबाजवळ आला की धोका वाढतो. पाठलाग करणारा एका हाताने खांब धरून अंग जमिनीला समांतर आडवं झोकून देतो, आणि मोकळा हात पळणाऱ्याच्या पाठीला लागला की पंचांची शिट्टी वाजते. हा सूर मारताना मनगट, खांदा आणि गुडघे या तिन्हींची परीक्षा होते.

२. मिनिटांची कमाई

आता या खेळाडूचं मोल कसं मोजतात ते पाहू. वर्तमानपत्रात खो-खोच्या सामन्याचा वृत्तांत येतो, तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंसात असं काही लिहिलेलं असतं: "२.३० मि., १.५० मि. व ४ गडी". क्रिकेटच्या धावा आणि बळी वाचायला शिकलेला माणूसही इथे अडखळतो. वाचायची रीत सोपी आहे.

पहिला आकडा पहिल्या डावातल्या संरक्षणाचा, म्हणजे हा खेळाडू २ मिनिटं ३० सेकंद बाद न होता पळत राहिला. दुसरा आकडा दुसऱ्या डावातला, १ मिनिट ५० सेकंद. आणि आक्रमणात त्याने चार गडी बाद केले.

हे आकडे चांगले की साधारण? पारंपरिक खो-खोत मोठ्या गटासाठी आक्रमणाची एक पाळी ९ मिनिटांची असते, म्हणजे ५४० सेकंदांची. २ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १५० सेकंद. पाळीचा चौथ्या हिश्शाहून जास्त वेळ या एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला झुलवलं. नऊ जणांच्या संघात एकाने एवढा वाटा उचलणं ही मोठी कामगिरी आहे.

संघाच्या बाजूने हिशेब करू. समजा, तुमच्या संघाची पहिली तिघांची तुकडी ४ मिनिटं टिकली, दुसरी ३ मिनिटं टिकली आणि उरलेल्या २ मिनिटांत तिसऱ्या तुकडीचा एकच गडी बाद झाला. एका गड्याला एक गुण धरला तर प्रतिस्पर्ध्याला ३ अधिक ३ अधिक १, असे ७ गुण मिळाले. आता प्रत्येक तुकडी दीड मिनिटात आटोपली असं धरा. नऊ गडी संपले की पहिली तुकडी पुन्हा आत येते, म्हणजे ९ मिनिटांत सहा वेळा तुकडी बाद झाली आणि प्रतिस्पर्ध्याला १८ गुण मिळाले. तेच मैदान, तेच खेळाडू; फरक पडला तो तुकड्या किती वेळ टिकल्या याने. खो-खोत जास्त वेळ पळणाऱ्याला संघात मान मिळतो तो या हिशेबामुळे, आणि संघ आपले हुकमी संरक्षक बहुधा पहिल्याच तुकडीत उतरवतो.

वृत्तांतात आणखी एक शब्दप्रयोग येतो, "३.२० मि. राखून विजय". शेवटच्या पाळीत जिंकायला आठ गुण हवे होते आणि संघाने ते ५ मिनिटं ४० सेकंदांतच मिळवले, तर ९ मिनिटांतले ३ मिनिटं २० सेकंद शिल्लक राहिले. हा फरक जितका मोठा, तितका विजय निर्विवाद.

एवढं कळलं की खो-खोपटूची कारकीर्द वाचता येते. मुलीच्या तालुक्यातल्या सामन्याचा कागद हातात घ्या, तिची मिनिटं वहीत लिहून ठेवा आणि वर्षभराने पुन्हा पाहा. ती सुधारली की नाही हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज पडणार नाही.

३. पुण्यात घडलेले नियम

मुळात हा खेळ गावोगाव आपापल्या रीतीने खेळला जाई. त्याला लेखी नियमांची चौकट मिळाली ती १९१४ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. म्हणजे जुन्नर-आंबेगावची मुलं जो खेळ खेळतात, त्याचे पहिले नियम त्यांच्याच जिल्ह्यात बसून लिहिले गेले. पुढे १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने सुधारित नियमावली काढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत खो-खोचं प्रदर्शन झालं.

या तारखा एवढ्यासाठी सांगितल्या की खो-खो हा सुटीतला विरंगुळा आहे, हा समज सुटावा. या खेळामागे शंभरहून जास्त वर्षांची नियमबद्ध स्पर्धा उभी आहे. नियम असले की स्पर्धा होते, स्पर्धा असली की निवड होते, आणि निवड झाली तरच कारकीर्द घडते.

४. किशोर, कुमार, खुला

कारकिर्दीचे टप्पे आता पाहू. इथे दोन वाटा शेजारी शेजारी चालतात.

पहिली वाट शाळेची. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. पिंपरी पेंढारच्या शाळेचा संघ आधी तालुक्यात खेळतो. तिथे जिंकला तर जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा शालेय संघ निवडला जातो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेत उतरतो.

दुसरी वाट संघटनेची. इथे मुलं शाळेच्या नव्हे, तर आपल्या मंडळाच्या किंवा क्लबच्या नावाने खेळतात. जिल्हा संघटना निवड चाचणी घेते, जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जातो, आणि तिथली कामगिरी बघून राज्याचा संघ ठरतो. लहान मुलामुलींचा किशोर-किशोरी गट, त्यानंतर १८ वर्षांखालील कुमार-मुलींचा गट आणि शेवटी वयाची अट नसलेला खुला गट, असे तिचे टप्पे आहेत.

प्रत्येक गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूला मानाचा पुरस्कार मिळतो आणि त्याचं नाव खेळाडूच्या नावाला कायमचं चिकटतं. किशोरांसाठी भरत, किशोरींसाठी इला. कुमारांसाठी वीर अभिमन्यू, मुलींसाठी जानकी. खुल्या गटात पुरुषांसाठी एकलव्य आणि महिलांसाठी राणी लक्ष्मीबाई. खो-खोच्या वर्तुळात "तो एकलव्य आहे" असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

यातला सर्वांत अवघड टप्पा कुमार गटातून खुल्या गटात जाण्याचा. अठराव्या वर्षापर्यंत बरोबरीच्या मुलांशी खेळलेला खेळाडू अचानक पंचवीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूंसमोर उभा राहतो. त्याच सुमाराला बारावी संपते, कॉलेज किंवा कामधंदा सुरू होतो, आणि मुलींच्या घरी लग्नाचा विषय निघतो. चांगले खेळाडू गळतात ते इथे. खेळात कमी पडून थांबणाऱ्यांपेक्षा सोय नसल्यामुळे थांबणारेच अधिक असतात. पुढची गोष्ट वाचली की हे पटेल.

५. धाराशिवच्या सारिका काळे

सारिका काळे या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या. घरची परिस्थिती अतिशय बेताची. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची आणि घर आजी-आजोबांच्या आधाराने चालायचं. वयाच्या तेराव्या वर्षी जवळच्या एका नातेवाइकाने त्यांना खो-खोच्या मैदानावर नेलं आणि त्या खेळाशी जोडल्या गेल्या. दिवसातून एकदाच जेवण मिळेल अशा स्थितीत आपण अनेक वर्षं काढली आणि शिबिराला गेलं की चांगलं जेवायला मिळायचं, हे पुढे त्यांनीच मुलाखतीत सांगितलं.

हे वाचून हळहळून थांबू नका. दुसऱ्या विभागातला हिशेब आठवा. दोन-अडीच मिनिटं सलग वळणं घेत पळणं, खाली बसणं, झटक्यात उठणं, सूर मारून पुन्हा उभं राहणं, आणि हे एका स्पर्धेत लागोपाठ चार-पाच दिवस. एवढ्या कष्टाला दोन वेळचं पुरेसं अन्न ही किमान गरज आहे. ज्या मुलीला ते मिळत नाही, तिचं प्रत्येक मिनिट दुप्पट कष्टाचं असतं. तिला घडवायचं तर सरावाआधी तिच्या जेवणाचं बघावं लागतं.

सारिका काळे यांना प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचं मार्गदर्शन मिळालं. जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून देशाच्या संघात त्या पोहोचल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला बाराव्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात खो-खोचा समावेश होता आणि भारतीय महिला संघाची धुरा सारिका काळे यांच्याकडे होती. भारताने सुवर्णपदक जिंकलं.

त्याच २०१६ साली आर्थिक अडचणींनी त्या इतक्या खचल्या की खेळ सोडून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. देशाच्या कर्णधाराची ही अवस्था होती. चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली आणि त्या मैदानावर परतल्या. पुढे शासनाची नोकरी मिळाली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. घराची घडी बसली ती या नोकरीने.

२०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. त्या वर्षी करोनामुळे २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार सोहळा दूरदृश्य पद्धतीने झाला. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी मिळत होता. याआधीचा अर्जुन पुरस्कार १९९८ चा, शोभा नारायण यांचा. मधल्या २२ वर्षांत या देशात चांगले खो-खोपटू झाले नाहीत असं कोणी म्हणणार नाही. खेळ चालू होता, राष्ट्रीय स्पर्धा होत होत्या. दखल मात्र घेतली जात नव्हती.

सारिका काळे यांच्या कारकिर्दीतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. कस त्यांच्यात सुरुवातीपासून होताच. त्याला आधार मिळाला तो तीन ठिकाणी: मैदानावर नेणारा नातेवाईक, सोडू न देणारा प्रशिक्षक आणि वेळेवर मिळालेली नोकरी. यातलं एक जरी नसतं, तरी ही कारकीर्द मध्येच थांबली असती.

६. आयर्लंडमध्ये काय करतात

बिनपैशाच्या देशी खेळात कारकीर्द घडते कशी, हे समजायला थोडं दूर, आयर्लंडला जाऊ. तिथे हर्लिंग नावाचा अतिशय जुना खेळ आहे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, प्रत्येकाच्या हातात ॲश वृक्षाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, आणि एक लहान चामडी चेंडू. १८८४ मध्ये टिपरेरी परगण्यातल्या थर्लेस गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि या देशी खेळाला बांधीव रूप मिळालं.

या खेळाच्या अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजारांवर माणसं जमतात. पण खेळणाऱ्याला खेळाचा पगार मिळत नाही. तो शिक्षक असतो, शेतकरी असतो, पोलीस असतो. रविवारी ऐंशी हजारांसमोर खेळतो आणि सोमवारी कामावर जातो. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाडू सहसा आपल्या गावाचा क्लब आणि आपला परगणा सोडत नाही.

हेन्री शेफ्लिन हे त्यातलं फार मोठं नाव. बॅलीहेल हे त्यांचं गाव आणि किलकेनी हा परगणा. १९९९ मध्ये ते किलकेनीच्या मुख्य संघात आले आणि २०१४ पर्यंत खेळले. एवढ्या काळात त्यांनी दहा वेळा अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं. पोटासाठी ते बँकेत नोकरी करत. मार्च २०१५ मध्ये गावच्या बॅलीहेल शॅमरॉक्स क्लबकडून अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद जिंकून त्याच महिन्यात त्यांनी परगण्याच्या संघातून निवृत्ती जाहीर केली.

हर्लिंग टिकलं ते गावच्या क्लबमुळे. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की क्लबच्या मैदानावर येतो, मोठ्यांचा खेळ बघत वाढतो, आणि खेळणं थांबलं की तोच पुढच्या मुलांना शिकवतो.

आपल्याकडे ही परंपरा अगदीच नाही असं नाही. पुण्याचा नवमहाराष्ट्र संघ, दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर, सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचं मंडळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या खो-खोपटू घडवले. वेळापूर हे काही शहर नव्हे, पण संध्याकाळी मैदान झाडून रेघा मारणारी माणसं तिथे टिकून राहिली. जे वेळापूरला जमतं ते जुन्नर-आंबेगावातल्या गावांनाही जमू शकतं.

७. लीग आणि विश्वचषक

गेल्या काही वर्षांत खो-खोचं चित्र पालटलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिला हंगाम पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाला. मातीऐवजी मॅट, ९ ऐवजी ७ मिनिटांच्या पाळ्या, एका गड्याला एकाहून जास्त गुण आणि दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं. खो-खोपटूला निव्वळ खेळण्यासाठी ठरावीक मानधन मिळू लागलं, हा या लीगने केलेला मोठा बदल.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागृहात पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ त्यात उतरले. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामने भारत आणि नेपाळ यांच्यात झाले. महिलांनी ७८-४० असा आणि पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळवला. भारताच्या दोन्ही संघांचं नेतृत्व पुणे जिल्ह्याकडे होतं. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही इथल्याच मैदानांवर घडलेले.

प्रतीक वाईकरने लहान वयात पुण्यात खो-खो सुरू केला, महाराष्ट्राचं नेतृत्व केलं, लीगमध्ये तेलुगू योद्धाजचं कर्णधारपद सांभाळलं आणि खेळता खेळता उच्च शिक्षणही पूर्ण केलं. प्रियांका इंगळेच्या नावावर किशोरी गटाचा इला पुरस्कारही आहे आणि खुल्या गटाचा राणी लक्ष्मीबाई पुरस्कारही. चौथ्या विभागातले टप्पे आठवले तर याचा अर्थ लगेच ध्यानात येईल: किशोरीपासून खुल्या गटापर्यंतच्या गळतीतून ती तावून सुलाखून बाहेर पडली आणि दोन्ही टोकांना सर्वोत्तम ठरली.

मात्र सावध राहायला हवं. लीगमध्ये मोजके संघ असतात आणि प्रत्येक संघात मोजकेच खेळाडू. गावातल्या प्रत्येक चांगल्या खेळाडूला तिथे जागा मिळेल असं धरून चालता येणार नाही. लीग हा वरचा लाभ समजावा. संसाराचा पाया वेगळा हवा. तो कोणता, ते आता पाहू.

८. नोकरीचं गणित

महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीपासून इतर पदांपर्यंत त्याचा उपयोग होतो. त्याखेरीज भारतीय रेल्वे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचे स्वतःचे खो-खो संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात आणि अशा संस्था खेळाडूंना नोकरीत घेतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात.

इथे अनेक घरांची फसगत होते ती कागदांमुळे. आरक्षणाचा लाभ घ्यायचा तर खेळाची प्रमाणपत्रं शासनाच्या क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावी लागतात, आणि सगळीच प्रमाणपत्रं चालत नाहीत. जत्रेतल्या किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या स्पर्धेत मिळालेला चषक घराच्या फळीवर शोभून दिसतो, पण नोकरीच्या अर्जाला लावता येत नाही. त्यासाठी शासनाची शालेय स्पर्धा किंवा मान्यताप्राप्त संघटनेची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धाच लागते. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी हवी, हेही ठरलेलं असतं.

म्हणून चार गोष्टी सुरुवातीपासून पाळाव्यात. मुलाचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि खेळाच्या प्रमाणपत्रावर एकसारखी आहे ना, ते तपासा. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रमाणपत्राची प्रत काढून जपून ठेवा. स्पर्धेत उतरण्याआधी ती मान्यताप्राप्त आहे का, ते क्रीडाशिक्षकांना विचारा. आणि नोकरीचा अर्ज निघण्याची वाट न पाहता पडताळणीसाठी आधीच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

शिक्षण सोडण्याचा विचार मात्र मनात आणू नका. खेळाडू आरक्षणातून अर्ज करतानाही पदाची शैक्षणिक अट पूर्ण करावी लागते. राष्ट्रीय पदक आहे पण बारावी अर्धवट सोडली, अशा खेळाडूच्या हातून नोकरी निसटते.

९. मग उत्तर काय?

खो-खो खेळून पोट भरतं का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं. नुसता खेळ फार थोड्यांचं पोट भरतो. पण जो खेळाडू टप्प्याटप्प्याने राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातो, शिक्षण चालू ठेवतो आणि कागद सांभाळतो, त्याला हा खेळ नोकरीच्या दारापर्यंत नक्की नेऊ शकतो. तिथवर जे पोहोचणार नाहीत त्यांनाही काटक शरीर, झटपट निर्णय घेण्याची सवय आणि आठ साथीदारांवर विश्वास टाकण्याची वृत्ती मिळते. कुठल्याही कामात हे सगळं उपयोगी पडतं.

हे उत्तर एकट्या घराने द्यायचं नाही, गावानेही द्यायचं आहे. गावाकडे तीन मागण्या आहेत आणि तिन्ही कुवतीतल्या आहेत. शाळेच्या मैदानावर दोन खांब कायमचे रोवा आणि त्या जागेवर दुसरं बांधकाम होऊ देऊ नका. सरावाला येणाऱ्या पोरांना उकडलेले हरभरे, केळी, अंडी असं काही तरी नियमाने मिळेल अशी सोय दहा घरांनी मिळून करा. जुन्नर-आंबेगावसारख्या बागायती पट्ट्याला हे जड नाही. आणि गावात जो कोणी एके काळी जिल्ह्यापर्यंत खेळला असेल, त्याला संध्याकाळी तासभर मैदानावर बोलवा.

शेवटची विनंती मुलींच्या आईवडिलांना. मुलगी नववीत गेली म्हणून तिचा खेळ थांबवू नका. कुमार गटाची तिची उमेदीची वर्षं तिथूनच सुरू होतात आणि ती एकदा गेली की परत मिळत नाहीत. निदान अठराव्या वर्षापर्यंत तिला खेळू द्या. पुढे काय करायचं, हे तिची मिनिटं आणि तिचे गुण बघून तिच्याबरोबर बसून ठरवा.